यकृत आणि युक्त



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या सोळाव्या आणि सतराव्या श्लोकांवर आहे.

हा ध्यानयोगाचा अध्याय. आसन कसं असावं, मान-पाठ कशी ठेवावी, नजर कुठे असावी हे सांगून झाल्यावर भगवंत एकदम आपल्या ताटाकडे आणि अंथरुणाकडे वळतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही म्हणतात, आणि लगेच पुढे म्हणतात की अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. अति झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. मग पुढच्या श्लोकात ते सांगतात की ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जाग मापात असते, त्याचा योग दुःख घालवणारा होतो. या श्लोकात मापासाठी एकच शब्द तीनदा येतो : युक्त.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे असा शब्द दिसला की पहिला प्रश्न पडतो, किती? किती कॅलरी, किती तास, किती पावलं? पण भगवंतांनी आकडा दिलेला नाही. आपण तरुण मंडळी हा श्लोक वाचतो तेव्हा डोळ्यासमोर जिम, डाएट आणि रात्री बारानंतर न सुटणारा मोबाईल येतो. ते चुकीचं नाही. पण गेली काही वर्षं मी हा श्लोक एका वेगळ्या शरीराकडे बघत वाचतोय. ज्याला लिव्हरचा जुना, पूर्ण बरा न होणारा आजार आहे, अशा शरीराकडे. आणि तिथे हा श्लोक फार वेगळा अर्थ सांगतो.

आधी थोडं यकृताबद्दल. उजव्या बरगड्यांखाली असलेलं हे साधारण दीड किलोचं इंद्रिय. अन्नातली साखर साठवून ठेवणं, रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिनं तयार करणं, पित्त बनवणं, शरीरातला विषारी कचरा निकामी करणं, अशी शेकडो कामं ते गुपचूप करतं. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, चरबी साठणं, शरीराची प्रतिकारशक्तीच उलटणं, जन्मजात दोष, अशा कुठल्याही कारणाने त्याला वर्षानुवर्षं इजा होत राहिली की जखमेच्या जागी व्रण धरत जातो. यकृत घट्ट आणि गाठाळ होतं. त्याला सिरोसिस म्हणतात. गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, बरेचदा खूप उशिरापर्यंत काही कळतच नाही.

माझ्या मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणतो, यांना चार वर्षांपूर्वी हे निदान झालं. साठीला टेकलेले, गळ्यात तुळशीची माळ, अनेक वेळा पायी वारी केलेले. कारण निघालं हिपॅटायटिस बी. डॉक्टरांचा अंदाज असा की हा विषाणू जन्मताना किंवा अगदी लहानपणीच शरीरात शिरला असावा. विषाणूवर गोळी सुरू झाली, तो आटोक्यात आला. तपासणीला गेलं की डॉक्टर म्हणतात, "छान आहे, रिपोर्ट स्थिर आहेत." आणि गाडीत बसल्यावर काका मला विचारतात, "अरे, रिपोर्ट बरा आहे, मग मी बरा का नाही?"

हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. आमच्या कामात असं होतं. सर्व्हरचे सगळे आकडे हिरवे, डॅशबोर्ड शांत, आणि तरी वापरणारा माणूस फोन करून सांगतो की अ‍ॅप चालत नाहीये. तेव्हा डॅशबोर्ड खोटं बोलत नसतो. आपण जे मोजायचं ठरवलं तेवढंच तो मोजत असतो, बास.

यकृताच्या आजारातही असंच आहे. मेल्ड नावाचा एक स्कोअर असतो. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याच्या वेळेवरून काढलेला आयएनआर, यांच्यावरून तो काढतात, पुढे त्यात सोडियमही आलं. ६ ते ४० मध्ये एक आकडा मिळतो. धोका किती जवळ आहे, प्रत्यारोपणाच्या यादीत कोण आधी, हे ठरवायला तो फार उपयोगी. अमेरिकेत २००२ पासून त्यावर यादी लावतात. पण काल रात्री झोप लागली का, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

डॉक्टरांनाही हे जाणवलं होतं. म्हणून १९९९ मध्ये यकृताच्या जुनाट आजारासाठी एक खास प्रश्नावली प्रसिद्ध झाली. त्यात २९ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत थकवा किती वेळ जाणवला? पोट फुगल्यासारखं वाटलं का? पायात गोळे आले का? अंगाला खाज? रात्री झोप? दिवसा पेंग? आवडेल तेवढं खाता आलं का, पथ्याचा त्रास होतो का? जड वस्तू उचलता येते का? चिडचिड, उदासी? आणि मग काळजीचे प्रश्न : आजार वाढेल याची काळजी, आपल्यामुळे घरच्यांना होणाऱ्या त्रासाची काळजी, पुन्हा कधी बरं वाटणारच नाही याची काळजी. प्रत्येक प्रश्नाला 'सतत'पासून 'कधीच नाही'पर्यंत सात उत्तरं. यातून जी गोष्ट मोजायचा प्रयत्न केला आहे तिला 'जगण्याची गुणवत्ता' म्हणतात.

मी ती प्रश्नांची यादी वाचली आणि थांबलो. खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप, जाग. सतराव्या श्लोकाचीच यादी! आपल्याला वाटतं की भगवंत साधकाला शिस्त लावतायत. पण आजारी माणसाच्या बाजूने वाचलं तर असं दिसतं की माणसाचं सुखदुःख रोज नेमकं कुठे राहतं, त्या जागाच भगवंत एकेक करून दाखवतायत.

आता पहिली जागा घेऊ. आहार.

काका वयाच्या बाराव्या वर्षापासून एकादशी करतात. आषाढी-कार्तिकी तर निर्जळी. निदान झाल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, उपवास बंद. काकांनी औषधं मान्य केली, मीठ कमी केलं, लोणचं-पापड सोडलं. पण या एका गोष्टीवर ते अडले. "देवासाठी एक दिवस पोट रिकामं ठेवलं तर काय बिघडतं? मरायचंच आहे तर एकादशी मोडून का मरू?"

मित्रांनो, याला हट्ट म्हणून सोडून देऊ नका. हा त्यांच्यासाठी आयुष्यभराच्या नात्याचा प्रश्न होता. म्हणून आधी नीट समजून घेऊ की बिघडतं ते काय. धडधाकट यकृतात साखरेचा साठा असतो. आपण रात्री झोपतो तेव्हा तो साठा शरीराला पुरतो. सिरोसिसमध्ये हा साठा फारच कमी पडतो. मग शरीर इंधनासाठी स्नायू मोडायला लागतं. डॉक्टर सांगतात की सिरोसिसच्या रुग्णाने नुसतं रात्रभर काही खाल्लं नाही, तरी त्याच्या शरीरात जे घडतं ते निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासमारीसारखं असतं. म्हणजे काकांचा रोज रात्री तसाही कडक उपास घडतच होता, कुणी न सांगता. हातपाय बारीक होत जाणं, जिना चढताना दम लागणं, थोड्याशाने पडणं, यामागे हे स्नायूंचं झिजणं असतं. एवढंच नाही, रक्तातला अमोनिया कमी करण्यात स्नायूंचाही वाटा असतो. स्नायू गेले की डोक्यावरचा धोकाही वाढतो.

म्हणून आजचा सल्ला असा की जागेपणी दर तीन-चार तासांनी थोडं थोडं खायचं आणि झोपण्यापूर्वी आवर्जून काहीतरी खायचं. पूर्वी अशा रुग्णांची प्रथिनं तोडायचे. आता उलट वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात. आणि आपल्या घरातलीच वरण, मूग, दही, पनीर ही प्रथिनं अशा रुग्णांना चांगली सोसतात. (हे सगळं समजण्यापुरतं लिहितोय. प्रत्येकाचं माप वेगळं, मधुमेह असेल तर आणखी वेगळं. तेव्हा आपल्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच.)

आता पुन्हा सोळावा श्लोक बघा. अजिबात न खाणाऱ्याला योग नाही. आपण हे वाक्य फारसं मनावर घेत नाही, कारण आपला प्रश्न बहुधा पहिल्या अर्ध्यातला असतो, फार खाण्याचा. काकांसाठी हा दुसरा अर्धा भाग लिहिलेला आहे. आणि आपल्या परंपरेनेही आजारी, वृद्ध, लहान मुलं यांना उपवासातून सूट दिलेलीच आहे.

पण 'सूट' या शब्दाने काकांचं समाधान होईना, हे मला महत्त्वाचं वाटतं. सूट म्हणजे सवलत. देवाच्या दारात कमी मार्कांवर पास झाल्यासारखं त्यांना वाटायचं. मग मावशीनेच मार्ग काढला. डॉक्टरांना विचारून एकादशीचं वेळापत्रक केलं. सकाळी दूध आणि राजगिरा, मग दही-भगर, मग भिजवलेले शेंगदाणे, संध्याकाळी उकडलेलं रताळं, झोपताना पुन्हा दूध. सगळं उपासाचंच, मीठ जेमतेम, आणि दर तीन तासांनी. प्रत्येक वेळी आधी वाटी विठ्ठलापुढे ठेवायची, मग खायची. काका म्हणाले, "पूर्वी एकादशीला दोनदा नैवेद्य व्हायचा, आता पाचदा होतो."

उपवास म्हणजे 'उप' आणि 'वास', जवळ राहणं, हे आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकलंय. काकांच्या ताटाने मला त्याचा हिशोब समजावला. रिकामं पोट हे साधन होतं, जवळ राहणं हे साध्य. शरीर बदललं तेव्हा साधन बदललं. युक्त याचा अर्थ मला इथे लागला : कमी किंवा जास्त नव्हे, तर या शरीराला, आज, जुळणारं. म्हणूनच बहुधा भगवंतांनी आकडा दिला नाही. आकडा दिला असता तर तो कुणाला तरी मारक ठरला असता.

दुसरी जागा, झोप आणि जाग.

यकृत काम करेनासं झालं की आतड्यात तयार होणारा अमोनिया वगैरे पुरता साफ होत नाही आणि मेंदूवर त्याचा परिणाम होतो. याला हिपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात. सुरुवात बरेचदा झोपेपासून होते. रात्र टक्क जागी, दिवसा पेंग. मग विसरायला होणं, अक्षर बिघडणं, हात पुढे धरले की फडफडणं, स्वभाव बदलल्यासारखा वाटणं. उपचार आहेत, आणि बहुतेक वेळा हा गोंधळ उतरतोही. लॅक्ट्युलोजचं गोड औषध देतात, ज्याने दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हायला हवं. वाचायला सोपं आहे. पण ज्याला हे औषध रोज घ्यावं लागतं त्याला विचारा. लोकलचा प्रवास, लग्नसमारंभ, वारीतला मुक्काम, सगळीकडे पहिला प्रश्न असतो, स्वच्छतागृह कुठे आहे? माणूस हळूहळू बाहेर जाणंच बंद करतो. गीतेच्या यादीतला 'विहार' असा नकळत संपतो, आणि कुठल्याही रिपोर्टमध्ये त्याची नोंद होत नाही.

इथे तुमच्यातला एखादा विचारवंत म्हणेल, "पण गीतेनेच सांगितलंय ना की शीत-उष्ण, सुख-दुःख हे येणारं-जाणारं आहे, ते सहन कर? आपण देह नाही, आत्मा आहोत. मग देहाच्या जगण्याची गुणवत्ता एवढी का मोजायची?"

प्रश्न रास्त आहे, आणि मी तो टाळणार नाही. दुसऱ्या अध्यायातली ती तितिक्षा खरीच आहे. पण ती कुणी कुणाला सांगितली ते बघा. रथावर शेजारी बसलेल्या, घोडे हाकणाऱ्या, त्याच रणात उतरलेल्या सख्याने ती अर्जुनाला सांगितली. सहन करणं हे व्रत माणूस स्वतःसाठी घेतो. रात्री तळहात-तळपाय खाजवून रक्त काढणाऱ्या माणसाला आपण एसीत बसून 'सहन कर' म्हणतो तेव्हा त्या वाक्यात गीता उरत नाही; उरते फक्त आपली सोय. शिवाय ज्या भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात सहन करायला सांगितलं, तेच सहाव्यात खाणं-झोपणं नीट ठेवायला सांगतात. त्यांना दोन्ही एकाच वेळी हवं आहे. जे टाळता येतं ते टाळायचं, आणि जे उरेल ते सोसायचं. क्रम उलटा केला की भक्तीच्या नावाखाली निष्काळजीपणा सुरू होतो.

पण याहून खोल एक भीती आहे. काकांनी ती एकदाच बोलून दाखवली. मागच्या वर्षी त्यांना असाच गोंधळ झाला, दोन दिवस माणसं ओळखू येईनात. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "माळ हातात होती असं ही सांगते. पण नाम आठवत नव्हतं रे. शेवटी असंच झालं तर? शेवटी जे मनात असतं तशी गती, असं गीता सांगते ना?"

आठव्या अध्यायात ते आहेच. अंतकाळी ज्याचं स्मरण, त्याची प्राप्ती. आपण निरोगी माणसं हा श्लोक सहज वाचतो. ज्याचं मन उद्या अमोनियाने झाकलं जाऊ शकतं, त्याने तो कसा वाचायचा? रक्तातला एक पदार्थ वाढला म्हणून आयुष्यभराची भक्ती वाया जाते का?

मला दोन आधार सापडले. एक, गीतेतच पुढच्या श्लोकात आहे. भगवंत असं म्हणत नाहीत की शेवटचा क्षण तेवढा सांभाळ. ते म्हणतात, म्हणून सर्व काळ स्मरण ठेव आणि आपलं काम कर. म्हणजे भर शेवटच्या क्षणावर नाहीये, आजच्या साध्या दिवसावर आहे. दुसरा आधार श्रीवैष्णव परंपरेत वराहाचा चरमश्लोक म्हणून जपलेल्या वचनाचा. त्याचा आशय असा की मन स्वस्थ आणि शरीर धड असताना ज्याने माझं स्मरण केलं, तो शेवटी लाकडा-दगडासारखा निश्चल पडला तरी मी त्याची आठवण ठेवतो आणि त्याला घेऊन जातो. म्हणजे तेव्हा आठवण ठेवायचं काम भक्ताकडे राहत नाही, ते देवाकडे जातं.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्यांना लवकर झोप लागली, असं मावशी म्हणाली. त्या २९ प्रश्नांत काळजीचे प्रश्न का आहेत, ते मला तेव्हा कळलं. काळजी हेही एक लक्षण आहे, आणि त्यावर औषध कधी कधी शास्त्रातून मिळतं.

आता शेवटची आणि सगळ्यात अवघड गोष्ट. आजार जे हिरावतो त्यापलीकडे आपण काय हिरावतो?

लिव्हरचा आजार म्हटलं की पहिला प्रश्न, "किती वर्षं घेत होते?" माळकरी माणसाला हा प्रश्न कसा लागत असेल! भजनी मंडळात काकांच्या हातचा प्रसाद घेताना काही हात मागे झाले. हिपॅटायटिस बी रक्तातून, बाळंतपणात आईकडून बाळाला, शरीरसंबंधातून, एकच सुई किंवा ब्लेड वापरल्याने पसरतो. एका ताटात जेवल्याने, गळाभेटीने, प्रसादाने पसरत नाही. तरी घराघरांत अशा माणसाचं ताट-वाटी वेगळं ठेवलं जातं. लस १९८० च्या दशकातच आली. आज बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत तिचा पहिला डोस देता येतो. आणि तरी आपण आजही संसर्गाला न घाबरता माणसाला घाबरतो.

नावाचासुद्धा त्रास होतो. यकृतातल्या पित्तनलिकांच्या एका आजाराच्या नावातच 'सिरोसिस' होतं, जरी त्यातल्या बहुतेक रुग्णांना सिरोसिस नसायचाच. त्या शब्दामुळे लोक दारूचा संशय घेत. रुग्णांनी आवाज उठवला आणि २०१५ मध्ये ते नाव बदलून प्रायमरी बिलियरी कोलांजायटिस केलं गेलं. २०२३ मध्ये फॅटी लिव्हरच्या वैद्यकीय नावातूनही 'फॅटी' आणि 'अल्कोहोलिक' हे शब्द काढले, कारण ते माणसाला लाजवतात. एकही नवीन गोळी न देता, फक्त एक शब्द बदलून, हजारो माणसांचं ओझं थोडं हलकं केलं गेलं. वाचेचं तप म्हणून गीता सतराव्या अध्यायात जे सांगते, दुसऱ्याला न बोचणारं, खरं आणि हिताचं बोलणं, ते हेच ना?

मावशी सगळ्यांना ठासून सांगते, "यांनी कधी थेंबही घेतला नाही." तिचं दुःख मला समजतं. पण या वाक्याच्या आत एक दुसरं वाक्य लपलंय : घेतली असती तर हे योग्यच होतं. तिथे आपण थांबायला हवं. ज्याने दारू प्यायली त्याचीही खाज तीच, त्याचीही रात्र तेवढीच लांब, त्याच्याही मुलीचं लग्न व्हायचंय. 'भोग त्याच्या कर्माचे' म्हणणं फार सोपं आहे. पण कर्माची गती गहन आहे असं भगवंत स्वतः चौथ्या अध्यायात सांगतात. जन्मताना विषाणू मिळालेल्या बाळाचं कर्म कोणतं, हे सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? कर्मसिद्धांत आपल्याला स्वतःची जबाबदारी घ्यायला दिलाय. दुसऱ्याच्या रिपोर्टवर शेरा मारायला नाही. आणि नवव्या अध्यायात तर ते सांगतात की फार वाईट वागलेला माणूसही अनन्य भावाने वळला तर त्याला साधूच समजा, कारण त्याचा निश्चय योग्य आहे. दारू सोडून रोज सकाळी औषध घेणारा माणूस बघा. त्याचा निश्चय आपल्या अनेक संकल्पांपेक्षा पक्का असतो.

आणि या सगळ्यात मावशी कुठे आहे? तिचं कुठलंच रक्त तपासलं जात नाही. रात्री काका जागे म्हणून तीही जागी. त्यांनी आजची तारीख बरोबर सांगितली की तिचा जीव भांड्यात पडतो. श्लोकातलं युक्त हे तिलाही लागू आहे. तिलाही झोप हवी, तिलाही आठवड्यातून एकदा बाहेर जायला मिळायला हवं. ते तिला एकटीला जमणार नाही, कुणीतरी येऊन काकांजवळ बसलं तरच जमेल. मी शनिवारी दुपारी जातो. काही मोठं करत नाही. लॅपटॉप उघडून बसतो, काका हरिपाठ म्हणतात, मध्ये विसरले तर आठवून देतो. मावशी मैत्रिणीकडे जाऊन येते.

मग जगण्याची गुणवत्ता म्हणजे काय? मला आज असं वाटतं : आजाराने जेवढं नेलंय त्यातलं बरंच परत आणणं आपल्या हातात नाही. पण खाण्यातलं समाधान, झोपेतली निश्चिंती, लोकांत बसायची हिंमत, आपण अजून देवाचे आणि माणसांचे आहोत हा विश्वास, यातलं बरंच काही आजार नेतच नाही. ते आपल्या प्रश्नांनी, सल्ल्यांनी आणि मागे घेतलेल्या हातांनी जातं. तेवढं तरी आपण परत देऊ शकतो.

आजचा संकल्प तीन ओळींचा.

आजारी माणसाला कारण विचारायचं नाही. आज कसं वाटतंय ते विचारायचं आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकायचं.

स्वतःच्या व्रताचं माप दुसऱ्याच्या शरीराला लावायचं नाही.

या महिन्यात एक दुपार कुणाच्या तरी जवळ बसायची, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्याला थोडी मोकळीक मिळेल. उपवासातलं 'जवळ राहणं' तिथेही घडतं.

ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी हे वाचत असाल तर, तुमच्या रात्री आम्हाला दिसत नाहीत, पण आज हरिपाठात तुमची आठवण आहे.

राम कृष्ण हरी.